डालग्यावरची गोधडी

रिहे खोऱ्यात माझ्या हातच्या गोधडीला तोड नव्हती. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायचं आता राहिलेलं नाही. लेक सासरी धाडायची असली की बाया जुनी लुगडी घेऊन माझ्याकडे यायच्या. काठापासून टाका धरायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत आणायचा. दोरा जरा वाकडा गेला की मी ती ओळच्या ओळ उसवायची. शेवटी मधे पोळीचा तुकडा घालून तोंड शिवायचं. आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत.

धाकट्या जावेला यातलं काही म्हणजे काही जमत नसे. तिचा टाका पावसात बांधावरून चालल्यासारखा, घसरेल तिकडे. ठिगळं हाताला येतील तशी. तिची एक गोधडी आम्ही थंडीत कोंबड्यांच्या डालग्यावर टाकत होतो. सासूबाईच म्हणाल्या होत्या, "अंगावर घ्यायच्या लायकीची न्हाई ती."

दोन हजार तीन-चारचं साल असेल. आम्ही विकलेल्या खालच्या वावरात पुण्याच्या एका म्याडमनी फार्महाऊस बांधलं होतं. भात झोडून झालं, मी सगळ्या गोधड्या धुऊन कुंपणावर टाकल्या. म्याडम दूध न्यायला आल्या आणि तिथंच थबकल्या. माझ्या पाच होत्या, त्यांच्यावरून त्यांची नजर नुसती सरकून गेली. बोट दाखवलं ते जावेच्या, डालग्यावर टाकायच्या गोधडीकडे.

"ही कुणी केली? मला हवी आहे ही."

मला हसूच आलं. म्हटलं, "म्याडम, ती कोंबड्यांची हाय."

"अहो, पण किती मोकळी आहे बघा. कला आहे ही."

जाऊ गोठ्यातून शेणाच्या हातांनी आली आणि खाली मान घालून उभी राहिली.

पंधरवड्यानं म्याडमनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं. हॉलमध्ये, जिथं एखाद्यानं देव मांडले असते तिथं, गोधडी काचेच्या फ्रेममध्ये. वरून दिवा सोडलेला. पाहुणे तिच्यासमोर हात मागे बांधून उभे. एकानं जावेला विचारलं, हे रंग तुम्हाला सुचले कसे? ती म्हणाली, "सुचत्यात कशाचे, घरात होतं ते लावलं." सगळे खूश. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मला कुणी काही विचारलं नाही. एका बाईनं रिकामा कप तेवढा माझ्या हातात दिला.

घरी आले आणि ट्रंकेतून आईचं जांभळं इरकली लुगडं काढलं. आई गेल्यापासून त्याला मी कात्री लावली नव्हती. त्या दिवशी टराटरा फाडलं. ठिगळं मुद्दाम तिरकी लावली, टाका मुद्दाम वाकडा घातला. पण हात ऐकेना. चार टाके झाले की आपोआप सरळ यायचा, आणि मी स्वतःला शिव्या घालत तो सरळ टाका उसवायची. महिना त्यात गेला. पोळीचा तुकडा घालायचाही विसरले.

म्याडमनी ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "छान आहे. पण ही ठरवून केल्यासारखी वाटते. त्यांच्या हातात ते आपोआप येतं." आणि मी घडी घालत असताना पुढे, "तुमच्या त्या सरळ शिवणीच्या आहेत ना, त्यातली एक द्या. पाहुण्यांच्या खोलीत पांघरायला होईल."

परत आले तर जाऊ ओट्यावर बसलेली. तिनं माझ्या काखेतलं बोचकं घेऊन उलगडलं. "आक्का, हे तुमी शिवलं?" तिला कळलं असणार, एवढी ती येडी नव्हती. पण हसली नाही. आईच्या लुगड्यावरून हात फिरवत म्हणाली, "मला तुमच्यावाणी सरळ शिकवा की. लगीन झाल्यापासून तुमचा हात बगतीया मी. माझी डालग्यावर टाकली तवा लई लागलं हुतं मला."

इथं माझं मन विरघळायला हवं होतं. नाही विरघळलं. म्हटलं, "कशाला शिकतीस? सरळ आलं तर म्याडम भिंतीवरनं उतरवतील तुला." तिला वाटलं, मी तिच्या भल्याचं सांगते आहे. तिनं मान डोलावली. त्यानंतरही दोनदा तिनं विचारलं, आणि दोन्ही वेळा मी कामाचं निमित्त काढून उठले.