चंद्रीला टोचलेली सुई

सोलापुरातल्या त्या लॅबमध्ये सुकन्याचा दरारा मोठा. चावल्याच्या जखमांचे नमुने तिच्याकडे येत. कुत्रा, मांजर, उंदीर, एकदा तर सख्खा मेव्हणा. कोण चावलं नि का चावलं, या भानगडीत ती पडत नसे. जखमेतले जंतू ताटलीत वाढवायचे, वर अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवायच्या आणि कोणत्या टिकलीभोवती जंतू फिरकत नाहीत ते बघायचं, एवढं तिचं काम. पण यातले काही जंतू भारी नखरेल. ताटलीत मेंढीचं रक्त घातल्यावाचून त्यांचं पान हलत नाही.

रक्ताची सोय घरचीच होती. वळसंगला तिच्या वडिलांची, बिरप्पांची, साठ मेंढरं. जनावरांचे डॉक्टर येऊन लागेल तेवढं काढून नेत. मात्र चंद्री नावाच्या लाडक्या मेंढीला बिरप्पा कुणाला हात लावू देत नसत.

अशात कुत्र्यांची भांडणं सोडवायला गेलेल्या बिरप्पांचा उजवा अंगठा त्यांच्याच कुत्र्यानं फोडला. गडी सुईला लई भितो. मेडिकलमधून गोळ्या आणून गप्प बसला. सुकन्यानं ओढत आणून आधी कुत्रा चावल्यावरची लस टोचवली. अंगठा बघून डॉक्टर म्हणाले, "सूज मनगटाकडे चाललीय. नेमकं कोणतं औषध लागू पडतंय ते लवकर कळलं नाही, तर अंगठ्याचं काही खरं नाही."

लॅबमधलं रक्त नेमकं संपलेलं. बिरप्पांना एकाएकी दातृत्वाचा झटका आला. "माझं काम हाय, मग चंद्रीचंच घ्या की!" मेंढरांची सोय लावायला म्हणून ते एक दिवस घरी गेले. दुसऱ्या दिवशी चंद्रीचं रक्त पुढं आलं नि मागून ते येऊन दवाखान्यात दाखल झाले.

ताटल्या तयार झाल्या, जखमेतला पू लावला. सकाळी बघितलं तर ताटली धुतल्यासारखी कोरी. शेजारच्या टेबलावरचा अमरेश म्हणाला, "आबांचे जंतू मेले! पेढे काढा मॅडम." सुकन्या हसली नाही. हमखास वाढणारा लॅबचा ठेवणीतला जंतू तिनं शेजारच्या ताटलीत लावला होता. तोही उगवला नव्हता. म्हणजे खोट रक्तातच होती.

ती तडक वॉर्डात गेली. "आबा, चंद्रीला काही औषध दिलं होतं?"

"न्हाय बा." बिरप्पांनी छताकडे बघितलं. "औषिद कसलं. इंजेक्शन दिलं, आदल्या दिशी."

"कशासाठी?"

"डॉक्टर सुई टोचणार. ती जागा पिकली मंजी?"

सुकन्यानं कपाळावर हात मारला. चंद्रीला दिलेलं अँटिबायोटिक रक्तातून ताटलीत उतरलं होतं आणि जंतूंना त्यानं आधीच गार केलं होतं.

"स्वतः सुई बघून पळता, आणि तिला टोचता?"

"मुकं जनावर हाय ते, पोरी. तिला दुखलं तर सांगता येतंय व्हय?"

"तुम्हाला येतंय की! मग का नाही सांगितलं?"

सुकन्याला संताप आला आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण एक दिवस वाया गेला होता आणि सूज मनगटाच्या वर सरकली होती.

औषध न टोचलेल्या दुसऱ्या मेंढीचं रक्त आलं. जंतू उगवले. टिकल्या ठेवल्या. त्यानंतरची सकाळ उजाडेपर्यंत सुकन्याला घास गोड लागला नाही. बिरप्पांनी मेडिकलमधून आणलेल्या गोळीचंच औषध असलेल्या टिकलीला जंतू अगदी चिकटून वाढले होते. पेनिसिलिनभोवती मात्र हे मोठं मोकळं रान! ताटली घेऊन ती वडिलांकडे पळाली.

"गोळी न्हाय का त्यात?" बिरप्पांनी चिवटपणे विचारलं.

"नाही. इंजेक्शनच."

नर्स सुई घेऊन आली. बिरप्पांचा चेहरा उतरला. अंगठ्याचं काही खरं नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही तो इतका उतरला नव्हता.

"सुकन्ये," ते हळूच म्हणाले, "मेंढरू धरतीस तसं धर मला."

ती आठ वर्षांची असताना त्यांनीच तिला मेंढरू धरायला शिकवलं होतं. एक हात हनुवटीखाली, एक मानेवर, आणि तोंडानं सारखं काहीतरी बोलत राहायचं. तिनं तसंच धरलं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून लहानपणी मेंढरांना म्हणायची तेच म्हणत राहिली, "झालं हं, झालं, माझं शहाणं."