टेंपररी सेनापती

आमच्या यांना नाटकात सेनापतीचं काम मिळालं ते आवाजामुळे. फाउंड्रीच्या गोंगाटात बोलून बोलून तो असा चढला होता, की हे नुसते खोकले तरी पिंपरीतल्या आमच्या चाळीत शेजारीण दचकायची.

कंपनीच्या संमेलनातलं ते नाटक रोमच्या एका जुन्या सेनापतीवर होतं. सरकारनं त्याला हुकूम धाडला, सैन्य नदीपलीकडेच सोड आणि एकटा घरी ये. त्यानं तो धुडकावला, फौजेसकट नदी ओलांडली आणि देशात आपसातच लढाई पेटली. गोष्ट झकास होती. पण सरकारचा प्रमुख झाले होते आमचे पर्सोनेल साहेब, आणि हे होते टेंपररी. परमनंट करायचं की घरी बसवायचं, ते त्याच साहेबांच्या हातात. घरी म्हणजे चाकणच्या पुढे, गावाला. तिथं दिरांच्या संसारात आम्हाला जागा उरली नव्हती, आणि मला दिवस गेलेले.

"साहेबावर वरडायचं म्हंजी नोकरीवर पाणी सोडायचं," हे म्हणायचे. कंपनीतल्या तालमीत यांचा आवाजच फुटेना. घरी मात्र साहेब मी. मी स्टोव्हपाशी बसून हुकूम वाचायची आणि हे अशी डरकाळी फोडायचे, की दूध नासेल. बायकोपुढे बरी वाचा फुटते, असं म्हणून मी चिडवायची. पण नोकरीची धास्ती मलाही होतीच.

संमेलनाला मैदान भरलं होतं. रंगमंचावर नदी म्हणून निळं कापड अंथरलेलं. अंगाला पांढरी चादर गुंडाळून साहेबांनी हुकूम वाचला. आता यांनी तो फाडायचा आणि नदीत पाय टाकायचा. यांनी शिरस्त्राण काढलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "होय साहेब."

लढाई सुरू होण्याआधीच मिटली. मागं पत्र्याच्या तलवारी घेतलेली फौज एकमेकांची तोंडं बघत राहिली. लोक हसू लागले. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, नाही म्हण ना!" पण हे हलेनात. ते लोकांचं हसणं मला सहन होईना. मी उभी राहून ओरडले, "अवं, घरी कसं वरडता? तसं वरडा की!"

आणि मग हे ओरडले. हुकुमाचे तुकडे साहेबांच्या अंगावर उडाले, फौज कापड तुडवत निघाली आणि साहेब चादर सावरत खरोखरच मागं पळाले. टाळ्या थांबत नव्हत्या. मी मटकन खाली बसले. आपणच आपल्या हातानं सगळं घालवलं, असं वाटलं.

सोमवारी साहेबांच्या केबिनमध्ये ये, असा यांना निरोप आला. त्या दिवशी शिफ्ट सुटेपर्यंत मी घराच्या दारातून हलले नाही. हे आले ते हसतच.

"परमनंट झालो. त्ये तर कवाच ठरलं व्हतं म्हनं."

"मग आधी सांगितलं का न्हाई?"

"साहेब नाटकाच्या पाठांतरात सांगायचं इसरून गेले."

इसरून गेले! आमचा जीव टांगणीला लागला होता आणि त्या भल्या माणसाच्या ध्यानातही नव्हतं. मी साहेबांच्या नावानं तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता रडू फुटलं. हे घाबरून पाणी आणायला धावले. पण इतकं हलकं वाटत होतं, की मला ते रडू थांबवायचंच नव्हतं.