टोपलीतली प्लास्टरची पापलेटं

अलिबागजवळचा आमचा जुना दगडी मासळी बाजार आता डागडुजी होऊन खाण्यापिण्याच्या आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांनी लखलखतो. दाराशी एक म्हातारी कोळीण असते. पगारावर बसवलेली. केसांत अबोलीचा वळेसर, पुढ्यात टोपली, टोपलीत प्लास्टरची पापलेटं. रो-रो बोटीने आलेले लोक ती पापलेटं हाताळतात, तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात आणि आत पिझ्झा खायला जातात.

ते गेले की म्हातारी तांब्यातलं पाणी पापलेटांवर शिंपडते आणि ओल्या फडक्याने ती झाकते. जन्माची सवय, दुसरं काय!

"मावशी, खरी मासळी का नाही ठेवत?" मी एकदा विचारलं.

"वास येतो म्हनतात. याच ओट्यावर माजी आय बसायची, मंग मी बसलू. तवा कुनाला वास आला न्हाय."

इतक्यात तिथली मॅनेजरबाई अत्तराची बाटली घेऊन आली आणि तिने रोजच्यासारखा म्हातारीच्या लुगड्यावर फवारा मारला. म्हातारी डोळे मिटून बसून राहिली. मग टोपलीवरचं फडकं तिने स्वतःच बाजूला ओढलं.

"बाय, जरा म्हावऱ्यावरपन मार," ती म्हणाली. "मानसांच्या हातांचा वास लागलाय त्याला."