संपदाची मुलाखत आणि सोफ्यावरची मंडळी

माझी नात संपदा. राहणार हॉलंडातलं अ‍ॅमस्टेलव्हीन, वय बावीस, आणि गेलं वर्षभर लोकांच्या लेखी घरी बसलेली. मला तर ती बसलेली कधी दिसलीच नाही. उजाडायच्या आत सायकल काढायची, स्टेशन गाठायचं, तिथून ब्रेडा. तिथल्या एका मालवाहतूक कंपनीत, पुढच्या वर्षी ट्रकांना डिझेलचा खर्च किती येईल याचा अंदाज बांधायचा. घरी आली की पुन्हा प्रवेशपरीक्षेचा अभ्यास.

झालं असं, की फायनान्सच्या मास्टर्सला तिनं अर्ज केला होता, तो नाकारला. मार्क चांगले, पण कामाचा अनुभव नाही, म्हणाले. मग पोरीनं ठरवलं, वर्षभर थांबायचं, अनुभव घ्यायचा आणि पुन्हा अर्ज करायचा. याला इकडे गॅप इयर म्हणतात. आमच्या वेळी मुलीचं शिक्षण थांबलं की त्याचा एकच अर्थ निघायचा. तो अर्थ विमानात बसून हॉलंडपर्यंत आलाय, हे मला कुठं ठाऊक.

गणपतीच्या कार्यक्रमात हूफडॉर्पच्या मंजूषाबाईंनी विचारलं, “काकू, नात काय करते?”

“सध्या वर्षभर थांबलीय,” मी म्हटलं.

बाई जवळ सरकल्या. “आमच्या ऋषभचंही आता बघायचंच आहे.”

इथं शेजारीसुद्धा दोन आठवडे आधी ठरवून चहाला येतात. तसा संपदाच्या सुट्टीचा शुक्रवार ठरला. संपदाला म्हटलं, नुसते चहाला येतायत. आणि त्याच शुक्रवारी सकाळी विद्यापीठाचा निरोप आला, की प्रवेशाची सोमवारची मुलाखत आजच घेऊ. पाहुणे तोवर बसमध्ये बसलेले. वरच्या खोलीत इंटरनेट पोचत नाही, म्हणून संपदा खाली जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसली.

“आजी, माझं अख्खं वर्ष पणाला लागलंय. कोणी खोकायचंसुद्धा नाही.”

वर काळा कोट, खाली बदकांचा पायजमा. कॉम्प्युटरवरच्या मास्तरांना अर्धी दिसत होती, पाहुण्यांना सगळी. मंजूषाबाई, त्यांचे यजमान राजनराव आणि ऋषभ, तिघं सोफ्यावर हातात पोह्यांच्या बशा धरून गप्प. शेंगदाण्यांचा आवाज येतो म्हणून माझी सून सुरुची वाकून प्रत्येकाच्या बशीतले दाणे वेचत होती. मी संपदाला लांबून खुणा करत होते, की मान जरा खाली घाल. ती माझ्याकडे बघेचना.

मुलाखत इंग्रजीत. सुरुची माझ्या कानात मराठी करून सांगत होती. संपदा डिझेलबद्दल धडाधड बोलली. राजनराव अशी मान हलवत होते, जणू मार्क तेच देणार.

मग त्यांच्यातल्या मास्तरीणबाईंनी विचारलं, “माहिती अपुरी असताना निर्णय कसा घ्याल?”

संपदानं तोंड उघडलं. तेवढ्यात ऋषभच्या दाताखाली एक राहिलेला दाणा फुटला.

“तिथे कोणी आहे का?” बाई म्हणाल्या.

आता काय लपवणार? संपदा म्हणाली, “आहेत. सोफ्यावर तीन माणसं माझं लग्न जमतंय का बघायला बसलीयत. चहाला आलेत असं मला सांगितलं होतं, पण कांदेपोहे बघून कळलं. यांच्याकडे माझ्याबद्दल फार माहिती नाही, तरी निर्णय घ्यायची तयारी आहे. मी आधी सगळ्यात स्वस्तातली माहिती मिळवली असती. मुलीला विचारलं असतं. मुलीला नाही करायचं.”

सुरुचीनं हे मला सांगितलं आणि मी मंजूषाबाईंकडे बघायचं टाळून खिडकीच्या पडद्याकडे बघत बसले.

मास्तरीणबाई हसत सुटल्या. म्हणाल्या, जरा दाखवा तरी. संपदानं कॉम्प्युटर वळवला. राजनरावांनी उठून बशीसकट नमस्कार केला.

“आणि तुमचा निर्णय?” बाईंनी ऋषभला विचारलं.

“मलाही कोणी विचारलं नव्हतं,” तो म्हणाला.

“घरी चल तू,” मंजूषाबाई पुटपुटल्या.

महिन्याभरात प्रवेश मिळाल्याचं कळलं. मास्तरांनी लिहिलं होतं, की उदाहरण फार समर्पक वाटलं. मंजूषाबाई आता सगळ्यांना सांगत फिरतात, की संपदाला आमच्यामुळे प्रवेश मिळाला. संपदा चिडते. मी म्हणते, राहू दे गं. आल्या नसत्या तर तू काय सांगणार होतीस, डिझेल?