दुसऱ्या मजल्यावरची विद्यार्थिनी

दुसऱ्या मजल्यावरची ती निफाडकडची बाई पन्नाशीत मुक्त विद्यापीठातून गृहनिर्माण आणि समाजकार्याची पदवी करते. कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचते. स्वाध्यायासाठी तिने सोसायटीत घरोघर विचारलं, "लय त्रास कशाचा होतो तुम्हाला?"

मी नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. माझ्या सभेची गणसंख्या कधी भरली नाही; अर्धा तास थांबून सभा चौघांतच उरकायची. या वेळी तिच्या शब्दाखातर सगळे आले, खुर्च्या कमी पडल्या.

सभा संपल्यावर ती वही घेऊन आली. "ताई, तुमचंच राहिलं. तुम्हाला कशाचा त्रास होतो?"

"कशाचाच नाही."

काही न लिहिता तिने वही मिटली आणि माझ्याबरोबर खुर्च्या उचलू लागली. त्याचाही मला रागच आला.