रिकाम्या खोगिराची रीत

पुण्याहून निघताना दादाने बजावलं होतं, "जातेस तर जा. पण रीत मोडायला निमित्त घेऊन येऊ नकोस."

आमच्या घरात नवरदेव घोड्यावर बसत नाही. वरातीत घोडा असतो, पण नवरदेव लगाम धरून पुढे चालतो आणि खोगीर रिकामं राहतं. पणजोबा औरंगाबादेत इंग्रजांच्या छावणीत सईस (घोड्यांची निगा राखणारे) होते, त्यांचा मान म्हणून ही रीत, असं आम्ही ऐकत आलो. आता भाच्याचं लग्न ठरलंय आणि तो म्हणतो, मी बसणार. बापलेकांनी बोलणं टाकलंय. शेवटी मी, आत्या, रजा टाकून या रीतीचं मूळ शोधायला औरंगाबादला निघाले.

शहागंजातून रिक्षा केली, तर रिक्षावाल्याने छावणीच्या भलत्याच फाटकाशी उतरवलं. "आगे मिलिटरी है मॅडम, हमको छोडते नै." मग उन्हात पायपीट. रुंद रस्ते, जुने कडुनिंब, बैठे बंगले, दगडी चर्च. दफनभूमीत साहेबांची आणि त्यांच्या तान्ह्या लेकरांची नावं आहेत. लेकरांची वयं वाचून गलबलून आलं. इथं सईसाचं नाव कुठून असणार, हे ठाऊक असूनही मी शेवटच्या थडग्यापर्यंत वाचत गेले आणि मग मला रागच आला.

जवळच्या बुद्धविहारात पणजोबांचं नाव सांगून चौकशी केली, तेव्हा एका ताईंनी मला गयाबाईंच्या दारात नेऊन सोडलं. गयाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचे सासरे पणजोबांच्याच तबेल्यात कामाला होते. आधी त्यांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवता जेवता मी आमच्या रीतीचा मान सांगितला.

"मान? कशाचा मान, माय?" त्या म्हणाल्या. "तुझा पणजा पिशोरच्या पल्याडचा. सवताच्या लग्नात घोड्यावर बसला म्हणून गावानं खाली ओढला. लई मारला. तसाच नवरीला घेऊन हितं आला. मामंजी सांगायचे."

"मग इथं तरी बसायचे का?"

"नाय. सायेब बस म्हणला तरी बसला नाय. पोराच्या लग्नात बी म्हणला, लगाम धर, पर वर चढू नको. भ्या बसलं व्हतं मनात. दुसरं काय नाय."

हातातला घास तसाच राहिला. तीन पिढ्या आम्ही जो मान म्हणून मिरवला, ती एका मार खाल्लेल्या नवरदेवाची भीती होती. परक्या घरात मी हुंदके देऊन रडले. गयाबाई पाठीवर हात फिरवत राहिल्या.

परतीच्या बसमधून दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. जग फिरून माणूस काय काय आणतो. मी घरच्यांसाठी हे घेऊन चालले होते आणि ते त्याला कसं सोसेल, याची धास्ती वाटत होती. मग पलीकडून त्याचा आवाज आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. मुलाला हाक मारत होता.

"अरे, इकडं ये. घोडा ठरव. तू बस, लगाम मी धरतो."