माझं पहिलं घर, देवळ्याचं

माती खायची म्हणजे किती खावी माणसानं, याला काही माप असतं का हो? मी खाल्ली ती सत्तर फूट लांब आणि चौदा फूट रुंद होती. शिवाय तिचा रीतसर नकाशा काढून, खाली झोकात सही ठोकून खाल्ली. चहा येईपर्यंत ऐका, आणि हसायचं ते शेवटी एकदमच हसा, मध्ये मध्ये नको. मला लागतं.

मी आर्किटेक्ट. नाशिकला कॉलेज रोडच्या मागं एका मोठ्या ऑफिसात कामाला. मोठं म्हणजे आमचे सर मोठे. गोल काळा चष्मा, पांढरा कुर्ता आणि तोंडात एकच शब्द: "हं." सहा वर्षं त्यांच्या हाताखाली मी काय केलं? पार्किंग आणि संडास. सातपूरच्या कारखान्याचे कामगारांचे संडास, मंगल कार्यालयाचे संडास, एका शाळेचे तर मुलांचे वेगळे आणि मुलींचे वेगळे असे दोन संडास. मला घर काही कुणी देईना.

ऑफिसच्या दारावर पितळी बोर्ड आहे. त्यावर तीन नावं, आणि खाली चौथ्या नावापुरती जागा. मी रोज आत शिरताना त्या जागेकडे बघायचो. एकदा धीर करून सरांना विचारलंच. सर म्हणाले, "स्वतःचं एक घर बांधून दाखवा. आवडलं तर नाव लावू." सहा वर्षांत सरांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात मोठं भाषण!

आणि नेमका त्याच आठवड्यात देवळ्याहून मामांचा फोन.

"अभ्या, घर बांधायचं म्हणतो मळ्यात. आन् वळवाच्या वादळात कांदा साठवायची चाळबी पार आडवी झाली बघ. दोन्ही तुझ्याच गळ्यात."

मी यातलं 'घर' तेवढं ऐकलं. पुढचं वाक्य कानावर आलं आणि तसंच बाहेर गेलं. मी म्हणालो, "मामा, आता तुम्ही काही बघायचं नाही. सगळं माझ्यावर सोडा." मामांनी सोडलं. तिथंच सगळं बिघडलं.

आता थोडं ज्ञान घ्या, फुकट आहे. आधुनिक वास्तुकलेत चार माणसांना मी देव मानतो. नावं घेत नाही, तुम्हाला उच्चारता येणार नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही येत नाहीत. एक युरोपातला. त्यानं घरं खांबांवर उचलली, खालची जमीन वाऱ्याला मोकळी सोडली. दुसरा जर्मन. त्यानं आतल्या भिंतीच काढून टाकल्या. तिसरा जपानी. त्याला प्लास्टर आणि रंग म्हणजे पाप, जो माल आहे तो उघडा दिसला पाहिजे. चौथा आपल्यासारख्याच उन्हाच्या देशातला. तो भिंतींऐवजी लाकडी पट्ट्या लावायचा आणि छप्पर त्यांच्यापासून वर उचलायचा, की हवा आरपार गेली पाहिजे. या चौघांनी जगभरच्या इमारतींचा चेहरा बदलला, एवढं ध्यानात ठेवा.

शहाणा माणूस यातला एक गुरू निवडतो. मी चौघांना एकदम देवळ्याला नेलं!

घर खांबांवर तीन फूट उचललं. लांबोडकं, वाऱ्याला आडवं. आत एकही भिंत नाही. चारी बाजूंनी उभ्या लाकडी पट्ट्या, दोन पट्ट्यांत दीड बोटाची फट, आतून जाळी. काचा मागाहून बसवायच्या होत्या. वर उंच पत्रा. आणि फरशीऐवजी जाड फळ्या, त्यांच्यातही फट, म्हणजे खालून गार हवा वर यावी. ही फळ्यांची कल्पना माझी स्वतःची बरं का, तिला कुणी गुरू नाही. मध्यभागी स्वयंपाकाचा काळ्या दगडाचा ओटा, आणि टोकाला एक देखणा संडास. त्यात माझा हात कुणी धरावा?

नकाशा घेऊन गेलो तर मामांनी तो आडवा धरला, उभा धरला आणि देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला. "तू काढलाय ना? मग झालं." आता मला सांगा, अशा अशिलावर कुठल्या आर्किटेक्टचा जीव जडणार नाही?

काम सुरू झालं. मी दर रविवारी भावडबारीचा घाट ओलांडून साईटवर. पट्ट्या लागल्या तसे मामा आत उभे राहिले, टोपी काढली आणि डोळे मिटले.

"खालून हवा, बाजूनं हवा, वरून हवा! अभ्या, पन्नास वर्षांत अशी हवा नाय बघितली मी."

माझ्या डोळ्यांत पाणी! अहो, पुण्यामुंबईच्या लोकांना चित्रं दाखवून जे पटत नाही, ते माझ्या शेतकरी मामांना नुसतं उभं राहून कळलं.

मिस्त्रींनी विचारलं, "साहेब, प्लास्टरचं कसं?"

"करायचं नाही," मी म्हणालो, आणि आता वाद होणार म्हणून बाह्या सरसावल्या.

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाले. "याला कशाला पाहिजे प्लास्टर?"

पहिल्यांदा एका मिस्त्रीला मी समजलो होतो! त्या दिवशी मी त्यांना मिठी मारली. ते जरा घाबरले.

मामींनी ओट्यावरून हात फिरवला. "उभ्यानं काम करता येईल बायांना. कंबर नाय दुखायची." संडास बघून तर त्या गहिवरल्याच. "बायांचा एवढा इचार कुणी केला नव्हता रे आजवर." मी मान खाली घालून नम्र झालो. नम्र होण्याची मला फारशी सवय नाही, त्यामुळे मान जरा जास्तच खाली गेली.

एकदा मामा समोरच्या मोकळ्या तुकड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही जागा तशीच राखून ठेवलीये बरं का."

"ठेवाच मामा! मोकळी जागा फार महत्त्वाची."

"व्हय, घाई नाय. हे होऊ दे आधी."

बघा म्हणजे, सरळ सांगत होता हो माणूस! पण मी ऐकायला जागेवर कुठं होतो? मी मनातल्या मनात पितळी बोर्डावर अक्षरं कोरत होतो.

घर उभं राहिलं. महिनाभर मला नाशिकहून हलता आलं नाही, कारण एका हॉस्पिटलचे संडास निघाले होते. मामांचा फोन आला. "नारळ फोडला. सगळं आत आणून लावलं." मी समजलो, सोफा आणि कपाटं. "मामा, फार गर्दी करू नका हं," मी म्हणालो. "छे! हवा खेळंल असंच लावलंय," मामा म्हणाले. माझा ऊर भरून आला. आता सरांना न्यायला हरकत नव्हती.

सर मागच्या सीटवर माझा नकाशा मांडीवर घेऊन बसले होते. घाटात एकदा "हं" म्हणाले. मळ्याच्या वळणावर त्यांनी नाक वर करून हुंगलं.

"वास कसला?"

"सर, देवळा आहे. इथं कांद्याचा वास असायचाच."

गाडी थांबली. माझं घर उन्हात उभं होतं, खांबांवर उचललेलं, पट्ट्यापट्ट्यांचं. सर खाली उतरून बघत राहिले आणि त्यांनी चष्मा पुसला. सर चष्मा पुसतात तो फक्त काम आवडल्यावर. मी मनातल्या मनात बोर्डावर माझ्या नावाचा शेवटचा स्क्रू पिळला. मग पायऱ्या चढून दार उघडलं.

कांदा!

डाव्या हाताला कांदा, उजव्या हाताला कांदा, छातीएवढा उंच. मधून एक माणूस जाईल एवढी वाट. दिवाणखान्यात कांदा, झोपायच्या जागेत कांदा. सरांना खास दाखवायचा म्हणून मी वाचनाचा एक कोपरा केला होता, तिथं सगळ्यात निवडक, गोल्टी म्हणजे बारका माल बाजूला काढून ठेवलेला कांदा. आणि माझ्या काळ्या ओट्याशी तीन बाया उभ्यानं कांदा निवडत होत्या. त्यांच्या कंबरा अजिबात दुखत नसाव्यात, कारण त्या मजेत गप्पा मारत होत्या.

मामा हसत हसत वाटेनं पुढं आले. मागं शेजारच्या मळ्यातले चार टोपीवाले. त्यातले सगळ्यात म्हातारे बाबा छपराकडे बघून म्हणाले, "चाळ भारी शे, भो!"

सरांनी हातातला नकाशा उघडला. एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा कांद्याकडे. मग बोट ठेवून हळूच मला विचारलं, "दिवाणखाना?"

"हाच, सर," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुठून आला कोण जाणे.

मामांनी एक कांदा उचलून सरांच्या तळहातावर ठेवला. "बघा साहेब. महिना झाला, एकबी नासला नाय. आमच्या गावात अशी चाळ नाय कुणाची. पोरानं डोकं कसं चालवलं बघा, कांदा निघायच्या आत चाळ उभी करून दिली. घर काय, मागून व्हतं. बरं अभ्या, आता घराचा मुहूर्त कधी धरायचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा, टोपीवाले, निवडणाऱ्या बाया. सर तर सगळ्यात जास्त. खरं बोलायचं तर, "मामा, हेच घर!" एवढे तीनच शब्द होते. पण मामांच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता ना, तो बघून ते तीन शब्द मी गिळून टाकले. आणि भित्रेपणाही होताच, उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

"आधी चाळ, मग घर, असंच तर ठरलं होतं ना मामा," मी म्हणालो.

सर म्हणाले, "हं." असं लांबलचक "हं" मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मामींनी जुन्या घरात जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेवभाजी, ठेचा आणि अर्थातच कांदा. दुसरा घास घेता घेता मामींनी सरांपुढं हात जोडले.

"साहेब, एक मागणं हाय. घर मात्र तुमीच काढा. अभ्या गुणाचा हाय, त्याला चाळीतलं लय कळतं. पर घरातलं काय कळणार त्याला? लगीनबी नाय झालं अजून."

सहा वर्षांत मी सरांना हसताना पाहिलं नव्हतं. ते हसले. इतके हसले की ठेचा टाळूला लागला, मामी पाणी घेऊन धावल्या आणि मी खिडकीबाहेर बघत भाकरी चावत राहिलो. सरांनी काम घेतलं.

परतीच्या वाटेवर चांदवड मागं पडलं. मग सर म्हणाले, "हवा उत्तम खेळते, ते मान्य. पण माणसं कुठं ठेवणार होतात?"

 लाज वाटली, खरंच वाटली. तीन फूट उंच, बाजूंनी पट्ट्या, वर पत्रा, मधून वाट. लहानपणी दर उन्हाळ्यात मी मामांच्या जुन्या चाळीतच तर लपाछपी खेळायचो! भर दुपारी तिथं गारवा असायचा, म्हणून मी बाहेर यायचोच नाही आणि राज्य घेणारा रडायचा. त्या गारव्यासाठी मी चार परदेशी गुरू केले, जाडजाड पुस्तकं वाचली, आणि फिरून फिरून त्याच चाळीत येऊन बसलो. गुरूंचा यात काही दोष नाही. त्यांनी माणसांसाठी घरं बांधली होती, विसरलो तो मी.

आता समोरच्या तुकड्यावर मामांचं घर झालंय. जाड भिंती, पुढं ऐसपैस पडवी, आणि रीतसर प्लास्टर. मामींनी पिस्त्याच्या रंगाचा हट्ट धरला तर सर नुसते "हं" म्हणाले. दुपारी पडवीत बसलं की उठावंसं वाटत नाही, हे मला कबूल करावंच लागतं. त्या घरात सरांनी मलाही एक काम दिलं होतं. कुठलं, ते विचारू नका. तुम्ही ओळखलंच आहे, आणि टाइल्स मीच निवडल्या.

आणि बोर्डावर नाव? लागलं की! नाशिकला नाही, देवळ्याला. मामांनी पेंटर बोलावून चाळीच्या दर्शनी पट्ट्यांवर लाल रंगात माझं नाव लिहून घेतलं, हातभर मोठ्या अक्षरांत, खाली मोबाईल नंबर. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर वाचतो. आठवडाभर फोन थांबत नाहीये. कळवणहून, सटाण्याहून, उमराण्याहून.

सगळ्यांचं म्हणणं एकच. "साहेब, तुमच्या मामासारखी चाळ पाहिजे."

मी ऑफिसातल्यासारखा गंभीर आवाज काढून विचारतो, "डिझाईनमधलं नेमकं काय आवडलं आपल्याला?"

"संडास."